मदत हवी आहे: फ्रीजचा एमसीबी पाडला तरी आरसीसीबी पडतोच. अर्थिंगमध्ये गडबड कुठे असेल?

पाऊलवाट:

नमस्कार मंडळी. घराच्या वायरिंगबद्दल सल्ला हवा आहे. कुठला तपशील कामाचा आणि कुठला नाही हे मला कळत नसल्यामुळे सगळंच क्रमाने लिहिते.

घर जुनं आहे. वायरिंग निम्मं मूळचं, निम्मं नंतर वाढवलेलं. पूर्वी त्रास असा होता की फ्रीजच्या दाराच्या धातूच्या पट्टीला हात लागला की झिणझिण्या यायच्या. पायात काही नसलं, हात ओला असला की जास्तच. वॉशिंग मशीनचंही तेच. टेस्टर बॉडीला लावला की मंद पेटायचा. तेव्हा एका वायरमनला बोलावलं. त्यांनी दोन्ही सॉकेट उघडून "आतूनच अर्थ देऊन टाकतो" म्हणत काहीतरी जोडलं आणि झिणझिण्या तिथल्या तिथे बंद झाल्या. खात्री म्हणून फेज आणि अर्थच्या भोकात टेस्ट लॅम्पही लावून दाखवला. बल्ब अगदी लख्ख पेटला. आम्ही निर्धास्त झालो.

आता अलीकडे डीबी (सगळ्या लाइनींचे स्विच असलेली पेटी) बदलला. दुसऱ्या वायरमनकडून ४० अँपिअरचा, ३० मिलिअँपिअरवर पडणारा आरसीसीबी (करंट गळला की लाइन तोडणारा स्विच) बसवून घेतला, बाहेर अर्थिंगचा नवा रॉड ठोकला. जुन्या बोर्डात हिरव्या वायरी नुसत्याच गुंडाळून ठेवलेल्या होत्या, त्या सगळ्या नव्या अर्थ-बारला (अर्थच्या वायरी एकत्र जोडायच्या पट्टीला) जोडल्या. त्या दिवसापासून आरसीसीबी टिकतच नाही. फ्रीजचा कॉम्प्रेसर सुरू झाला की बहुतेक वेळा पडतो. म्हटलं फ्रीज बिघडला असेल, म्हणून प्लग काढून ठेवला. तरी संध्याकाळी पडला. मग त्या लाइनचा एमसीबीच (जास्त भाराला पडणारा स्विच) खाली पाडून ठेवला. तरीही पडला! हे मला अजिबात उमगत नाहीये. लाइनच बंद असेल तर गळती कुठून होणार?

वायरमनचं म्हणणं, आरसीसीबी "फार नाजूक" असतात, १०० मिलिअँपिअरचा लावू नाहीतर सरळ बायपास करू. घरात सासूबाई दिवसभर अनवाणी वावरतात आणि बाळ रांगतंय, हाताला येईल ते धरून उभं राहतंय. त्यामुळे तो काढायला माझं मन धजत नाही. काय तपासायला सांगू त्यांना?

चांदणवेल:

आमच्याकडे फ्रीजच्या झिणझिण्या यायच्या तेव्हा एक वायर काढून नळाच्या पाइपला बांधली होती. तेव्हापासून काही त्रास नाही. सोपा उपाय आहे, करून बघा.

कातळ:

चांदणवेल, कृपा करून ती वायर आधी सोडवून घ्या. मी वायरिंगचंच काम करतो, म्हणून इतक्या ठामपणे सांगतोय. नळाचा पाइप जमिनीत जातो असं आपण धरून चालतो, पण मध्ये कुठेतरी दुरुस्तीत प्लॅस्टिकचा तुकडा बसलेला असतो. मग तुमच्या फ्रीजमध्ये खरोखर फेज बॉडीला टेकली की ती जमिनीत न जाता पाइपात तशीच उभी राहते, आणि न्हाणीघरात जो नळ उघडेल त्याला बसते. वरच्या किंवा खालच्या मजल्यावरच्या माणसालाही. त्याला तर तुमच्या फ्रीजचा पत्ताही नसतो.

पाऊलवाट ताई, तुमच्या वर्णनावरून माझा संशय एकाच गोष्टीवर आहे, पण आधी दोन गोष्टी सांगा. घरात इन्व्हर्टर आहे का? आणि नव्या डीबीत न्यूट्रल-बार एकच आहे का?

पाऊलवाट:

इन्व्हर्टर नाही. न्यूट्रल-बार एकच आहे, सगळ्या काळ्या वायरी त्यातच आहेत. आरसीसीबीच्या पुढे जे काही आहे ते सगळं त्याच्यातून जातं असं वायरमनने सांगितलं. आरसीसीबीवरचं टेस्ट बटण दाबलं की तो लगेच पडतो, म्हणजे तो स्वतः चालू आहे ना?

कातळ:

हो, आरसीसीबी ठणठणीत आहे. मुळात तो खरं तेच सांगतोय, म्हणून त्याला काढायचं नाही.

इन्व्हर्टरचं विचारलं कारण अशा घरात इन्व्हर्टरची न्यूट्रल आरसीसीबीच्या अलीकडून घेतलेली असते आणि मग तो विनाकारण पडत राहतो. तुमच्याकडे तो प्रश्न नाही. म्हणजे उरतो तो सॉकेटमधला लूप. पहिल्या वायरमनने "आतून अर्थ" दिला म्हणजे त्या सॉकेटमध्ये न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत वायरचा एक तुकडा टाकला. आमच्या धंद्यात हे सर्रास चालतं आणि मला त्याचा भयंकर राग येतो. गिऱ्हाईक खूश होतं, टेस्ट लॅम्प पेटतो, आणि घरात सापळा लागून राहतो.

एमसीबी पाडूनही का पडतो याचं उत्तरही यातच आहे. घरातले बहुतेक एमसीबी एकपोली असतात, ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल डीबीपासून सॉकेटपर्यंत जोडलेलीच राहते. फ्रीजचा प्लग काढा, एमसीबी पाडा, तरी सॉकेटमधल्या तुकड्यामुळे न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना चिकटलेलेच आहेत.

खडूफळा:

कातळ यांच्या निदानाला पूर्ण अनुमोदन. थोडा हिशेब मांडतो, म्हणजे पाऊलवाट यांना वायरमनशी बोलताना उपयोग होईल. मी हा विषय शिकवतो.

आरसीसीबीला अर्थच्या वायरशी काही देणंघेणं नसतं. तो एवढंच बघतो की फेजमधून जितका करंट गेला तितकाच न्यूट्रलमधून परत आला का. दोन्ही तारा एका लोखंडी कड्यातून जातात. जाणारा आणि येणारा करंट सारखा असला की कड्यातले चुंबकीय परिणाम एकमेकांना खोडतात. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की ३०० मिलिसेकंदांच्या आत त्याला तुटावंच लागतं, आणि फरक पाचपट, म्हणजे १५० मिलिअँपिअर झाला तर ४० मिलिसेकंदांच्या आत.

आता तुमच्या घराची न्यूट्रल. ती जमिनीच्या पातळीला अगदी शून्यावर कधीच नसते. लांबवरून येणाऱ्या तारेत तुमचा आणि शेजारपाजारचा सगळा भार वाहतो, त्यामुळे तिच्यावर दोनेक व्होल्ट सहज उभे राहतात. भार वाढला की जास्त. संध्याकाळी सगळीकडचे दिवे-पंखे सुरू होतात, कॉम्प्रेसर सुरू होताना क्षणभर भरपूर करंट ओढतो, तेव्हा हे व्होल्ट वाढतात. तुमच्या रॉडचा रोध समजा ३५ ओम आहे. २ व्होल्ट भागिले ३५ ओम म्हणजे जवळपास ५७ मिलिअँपिअर. एवढा करंट न्यूट्रलने परत जायचा तो लूपमधून अर्थमध्ये निसटतो. आरसीसीबी पडणारच.

नवा रॉड जोडेपर्यंत हे का दिसलं नाही? कारण तोवर हिरव्या वायरी कुठेच जोडलेल्या नव्हत्या. लूप तेव्हाही होता, पण पुढे जमिनीपर्यंत वाट नव्हती.

पाऊलवाट:

एवढं सविस्तर लिहिल्याबद्दल दोघांचेही मनापासून आभार. पण एक शंका राहतेच. लूप इतका वाईट असेल तर झिणझिण्या कशा थांबल्या? आणि टेस्ट लॅम्प लख्ख कसा पेटला? सासूबाईंचं म्हणणं, "त्या माणसाने केलेलं चांगलं चाललं होतं, तुम्हीच ते नवं यंत्र बसवून घोळ घातला." त्यांना काय सांगू?

खडूफळा:

सासूबाईंचा प्रश्न अगदी रास्त आहे.

फ्रीज-मशीनच्या आत इलेक्ट्रॉनिक बोर्ड असतो, त्यात गोंगाट गाळायला छोटे कपॅसिटर असतात. एक फेजपासून बॉडीला, एक न्यूट्रलपासून बॉडीला. अर्थ जोडलेला नसला की बॉडी या दोघांच्या मधोमध लटकते, म्हणजे साधारण ११५ व्होल्टवर. करंट मात्र पाव-अर्धा मिलिअँपिअर, म्हणून नुसत्या झिणझिण्या. बॉडी न्यूट्रलला बांधली की तो करंट न्यूट्रलने वाहून जातो आणि झिणझिण्या थांबतात. टेस्ट लॅम्पचंही तेच. फेज आणि "अर्थ" यांच्यामध्ये त्याने लावला, पण खरं तर फेज आणि न्यूट्रलमध्येच लावला. कुठलाही बल्ब पेटेलच की. मल्टिमीटरही २३० दाखवेल. या चाचणीतून अर्थिंग असल्याचं कधीच सिद्ध होत नाही.

आता धोका. वाटेत कुठेही न्यूट्रल तुटली, डीबीतला स्क्रू ढिला झाला, खांबावरचा जोड सुटला, तर घरात जे काही चालू असेल त्यातून फेज न्यूट्रलच्या तारेत उतरते. एखादा दिवा चालू असला तरी पुरे. ती न्यूट्रल तुमच्या फ्रीजच्या आणि मशीनच्या पत्र्याला बांधलेली आहे. म्हणजे पूर्ण २३० व्होल्ट पत्र्यावर, आणि दिवे बंद पडल्यामुळे घरच्यांना वाटणार की लाइट गेली आहे. त्या वेळी माणूस हमखास फ्रीजपाशी जातो. खांबावर दुरुस्ती करताना फेज-न्यूट्रल उलटसुलट जोडले गेले, तर काही तुटायचीही गरज नाही.

सासूबाईंना एवढंच सांगा की आधी जिथे झिणझिण्या येत होत्या तिथे आता एक तार तुटण्याचा अवकाश आहे, मग जीवघेणा झटका बसेल. आणि नव्या यंत्राने तेच दाखवून दिलंय.

कातळ:

१०० मिलिअँपिअरबद्दल स्पष्ट बोलतो. तो आग लागू नये म्हणून मोठ्या जागेत मेनजवळ लावतात, माणसाला वाचवण्यासाठी नाही. साधारण १० मिलिअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडतात आणि धरलेली वस्तू सुटत नाही. ३० च्या वर करंट काही सेकंद छातीतून गेला तर हृदयाची लय बिघडू शकते. १०० चा आरसीसीबी तोवर ढिम्म राहील. घरात रांगतं बाळ आहे, तेव्हा ३० च हवा आणि तोच ठेवा.

आता वायरमनकडून हे करून घ्या, स्वतः डीबी उघडू नका. सगळे प्लग काढायचे, थेट जोडलेली उपकरणंही सोडवायची. मेन पाडायचा, आरसीसीबीही पाडायचा. आरसीसीबी दोनपोली असतो, त्यामुळे त्याच्या पुढची न्यूट्रल आता बाहेरच्या न्यूट्रलपासून सुटी झाली. तारा मेल्या आहेत हे आधी मीटरने बघायचं, आणि तो मीटर चालू जागी लावून नीट चालतोय याचीही खात्री करायची. नुसत्या पेन-टेस्टरवर विसंबायचं नाही. मेनच्या अलीकडचे स्क्रू जिवंतच असतात, तिकडे हात नाही. मग मल्टिमीटर ओमवर ठेवून न्यूट्रल-बार आणि अर्थ-बार यांच्यात मोजायचं. तिथे काहीच जोड दिसता कामा नये. शून्य किंवा दोन-चार ओम दिसले तर लूप आहे. मग न्यूट्रल-बारमधून एकेक काळी वायर सोडवत जायची. जी सोडवल्यावर आकडा उडतो, म्हणजे मीटरवर जोड दिसेनासा होतो, त्या वायरीच्या वाटेवर लूप. एकापेक्षा जास्त लूप असतील तर एक सोडवून आकडा उडणार नाही, तेव्हा सोडलेली परत न लावता पुढे जायचं.

उंबरठा:

मध्येच विचारतो, धागा भरकटवायचा हेतू नाही. आमच्याकडे आरसीसीबी फक्त गीझर लावल्यावर पडतो, तोही लगेच नाही, पाणी तापायला लागलं की. आमच्याकडेही लूपच असेल का?

कातळ:

तुमचं लक्षण वेगळं आहे, उंबरठा. गरम होताना पडतो म्हणजे हीटिंग एलिमेंटचा संशय. त्याच्या नळीला बारीक चीर गेली की आतल्या पांढऱ्या भुकटीत ओल शिरते आणि करंट पाण्याकडे, टाकीकडे गळायला लागतो. गीझर भिंतीवरून सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या मीटरने) एलिमेंट आणि बॉडी यांच्यात मोजून घ्या. १ मेगाओमच्या खाली आलं तर एलिमेंट बदला. तोवर गीझर बंदच ठेवा, आरसीसीबी परत परत उचलून अंघोळ उरकू नका.

पाऊलवाट:

अपडेट. दुसऱ्या वायरमनला हा धागा वाचायला दिला. आधी जरा नाराज झाले, पण मग मीटर काढून सांगितल्याप्रमाणे सगळं मोजलं. न्यूट्रल-बार आणि अर्थ-बार यांच्यात मीटर जवळपास शून्य दाखवत होता. फ्रीजच्या लाइनची काळी वायर सोडवली तरी शून्यच. मशीनची सोडवली तेव्हा आकडा उडाला. म्हणजे दोन लूप!

सॉकेट उघडल्यावर मीही पाहिलं. बोटाच्या पेराएवढा काळ्या वायरचा तुकडा, एक टोक न्यूट्रलच्या स्क्रूत, दुसरं अर्थच्या. अर्थच्याच स्क्रूत खालून आलेली हिरवी वायरही पिळून घातलेली. फ्रीजच्या सॉकेटमध्ये न्यूट्रलचा स्क्रू ढिला होता, त्याच्याजवळचं वायरचं वरचं प्लॅस्टिक तापून तपकिरी आणि ठिसूळ झालेलं. हात लावला तर कपच्या पडल्या. न्यूट्रल तुटण्याबद्दल खडूफळा यांनी लिहिलं होतं ते वाचून हे बघितलं आणि अंगावर काटा आला. बाळ त्याच भिंतीला धरून उभं राहतं.

दोन्ही तुकडे काढले, सॉकेट नवीन बसवले, हिरवी वायर एकटीच अर्थच्या स्क्रूत. आता आरसीसीबी टिकलाय, कॉम्प्रेसर सुरू होताना बघत उभी राहिले होते. झिणझिण्याही नाहीत.

एक प्रश्न उरतो. अर्थ-टेस्टरने रॉडचा रोध ३८ ओम आला. वायरमन म्हणाले चालेल, पण मी कुठेतरी वाचलं की ५ ओमच्या आत हवा. हे चालेल की नाही?

खडूफळा:

आधी ते दोन तुकडे निघाले याचा फार आनंद झाला.

३८ ओम हा एका रॉडसाठी मुळीच विचित्र आकडा नाही. मातीची रोधकता १०० ओम-मीटर धरली, तर ३ मीटर लांब, १६ मिलिमीटर जाड रॉडचा रोध हिशेबाने ३३ ओमच्या आसपास येतो. रॉड जाड केल्याने फारसं काही साधत नाही. लांबी वाढवली तर मात्र चांगला फरक पडतो, कारण खोलवरच्या मातीत ओल टिकते.

या आकड्याचा अर्थ मात्र समजून घ्या. उद्या फ्रीजमध्ये फेज पत्र्याला टेकली, तर अर्थमधून २३० भागिले ३८, म्हणजे ६ अँपिअर वाहतील. १६ अँपिअरचा एमसीबी ६ अँपिअरला कधीच पडणार नाही. सी-प्रकारचा १६ चा एमसीबी क्षणात पडायला तर ८० ते १६० अँपिअर लागतात. म्हणजे तुमच्या घरात नुसत्या रॉड-एमसीबीच्या भरवशावर राहिलात तर पत्रा तसाच जिवंत राहील. आरसीसीबी असला की ३० मिलिअँपिअरलाच सुटतो, आणि त्या करंटला ३८ ओमवर जेमतेम १.१ व्होल्ट उभे राहतात. म्हणून रॉड चालेल, पण आरसीसीबीच्या सोबतीने. ऐपत आणि जागा असेल तर दुसरा रॉड पहिल्यापासून निदान एका रॉडच्या लांबीइतक्या अंतरावर ठोकून दोन्ही जोडून घ्या. रोध जवळपास निम्म्यावर येईल. कोरड्या दिवसांत पुन्हा मोजा, माती वाळली की आकडा चढतो.

पाऊलवाट:

म्हणजे जिथे सॉकेटपर्यंत हिरवी वायरच पोहोचलेली नाही, अशा दोन जुन्या खोल्यांत आरसीसीबी पुरे का? तिथे भिंत फोडावी लागेल.

कातळ:

अर्थशिवायही आरसीसीबी चालतो, पण तो पडायला करंटला जमिनीकडे वाट लागते, आणि अर्थ नसेल तर ती वाट म्हणजे हात लावणारा माणूस. त्याला झटका बसतो आणि मग आरसीसीबी पडतो. अर्थ असला की फेज पत्र्याला टेकल्याबरोबर पडतो, कुणी हात लावायच्या आधीच. शिवाय एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल आली तर आरसीसीबीला ते दिव्यासारखंच वाटतं, तो पडत नाही.

म्हणून त्या दोन खोल्यांत सध्या तीन पिनांची धातूच्या अंगाची वस्तू लावू नका. इस्त्री तर नकोच. मोबाइलचा चार्जर किंवा ज्या वस्तूवर चौकोनात चौकोन अशी खूण असते ती चालेल, तिला दुहेरी इन्सुलेशन असतं, अर्थ लागत नाही. भिंत फोडायची नसेल तर बाहेरून पट्टीतून हिरवी वायर ओढून घ्या. दिसायला जरा बरं दिसत नाही, पण काम चोख होतं. फेजची वायर २.५ चौरस मिलिमीटरची असेल तर अर्थही २.५ चीच घ्या, आणि प्रत्येक सॉकेटला तिची शाखा द्या, एका सॉकेटच्या स्क्रूवरून दुसऱ्याकडे लोंबकळत नेऊ नका.

आरसीसीबीचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबत जा. आत यंत्र असतं, बराच काळ न हलल्याने अडकतं. बटण दाबून पडला नाही तर त्याच दिवशी बदला. आणि तो जास्त भाराला पडत नाही, त्यामुळे एमसीबी काढू नका.

पाऊलवाट:

बाहेरून पट्टी टाकायचं ठरलं, वायरमनही तयार झालेत. ते म्हणाले आधीच्या आणखी काही घरांत त्यांनी असेच आरसीसीबी "नाजूक" म्हणून बायपास केलेत, आता तिथे जाऊन न्यूट्रल-अर्थ मोजणार आहेत. चांदणवेल, तुम्ही ती पाइपची वायर सोडवलीत का?

चांदणवेल:

सोडवली. तो प्लग सध्या काढूनच ठेवलाय. परवा वायरमन येतोय, त्याला हा धागा दाखवते. सॉकेटमध्ये हिरवी वायर आहे की नाही हे उघडल्यावर कळेल, मग इथेच लिहीन.